उगाच कापलेला जोड

थोरला : वाच म्हणतोय ना. मोठ्यानं वाच. माझा चष्मा आत राहिलाय.

धाकटा : वाचून काय होणार, दादा? सांगितलं की तुला. माझी गाठ होती तिथं आता नुसता व्रण दिसतोय.

थोरला : ते तू तुझ्या शब्दांत सांगितलंस. कागदावर काय आहे ते हवंय मला.

धाकटा : बरं. "किरणोपचार आणि औषधांनंतर केलेल्या एमआरआयमध्ये गुदाशयातली गाठ आढळत नाही. गाठीच्या जागी व्रण. आजूबाजूच्या ग्रंथी नेहमीच्या आकाराच्या." झालं. एवढंच.

थोरला : आढळत नाही.

धाकटा : हो.

थोरला : गाठ नाही, असं नाही लिहिलेलं. आढळत नाही, असं लिहिलंय.

धाकटा : दादा, आता सुरू होऊ नकोस.

थोरला : मी कुठं सुरू होतोय? शब्द तुझाच आहे. सगळा कारखाना तुला 'आढळला नाही साहेब' म्हणायचा, ते काय उगीच? मी बॉयलरच्या पाइपाला वेल्डिंगचा जोड मारायचो, तू त्याची एक्स-रे फिल्म काढायचास आणि खाली लिहायचास, दोष आढळला नाही. मी म्हणायचो, अरे, 'नाही' म्हण की सरळ, जीभ झडते का तुझी? तर तू काय म्हणायचास?

धाकटा : आठवतंय मला.

थोरला : मग म्हण की. तुझ्या वहिनीला ऐकू दे.

धाकटा : 'नाही' म्हणायला आत जाऊन बघावं लागतं. मी बाहेरून बघतो. बाहेरून बघणाऱ्यानं एवढंच म्हणावं.

थोरला : हां. आणि एमआरआयवाले कुठून बघतात?

वहिनी : चहा घ्या, भावजी. आणि पाय जरा जपून. दाराशी तो पाइपाचा तुकडा आहे.

धाकटा : अजून ठेवलाय हा?

थोरला : दाराला टेकू लावायला उपयोगी पडतो. वाऱ्यानं आपटतं ते. तू खिडकी उघडून बसतोस ना नेहमी.

धाकटा : उकडतंय म्हणून उघडली.

थोरला : सहा वर्षं उकडतंय तुला या घरात. थंडीतसुद्धा उकडतं.

वहिनी : अहो, चहा घ्या. निवतोय. भावजी, डॉक्टरबाई नक्की काय म्हणाल्या ते सांगा. कागद राहू दे बाजूला.

धाकटा : म्हणाल्या, दोन वाटा आहेत. एक म्हणजे आधी ठरलं होतं तसं ऑपरेशन. गाठ अगदी खाली होती, त्यामुळे तो सगळा भाग काढावा लागणार, आणि मग संडासासाठी पोटाला पिशवी. कायमची. दुसरी वाट म्हणजे सध्या ऑपरेशन करायचंच नाही. लक्ष ठेवायचं. दर तीन महिन्यांनी एमआरआय, रक्त, कॅमेरा, बोटानं तपासणी. परत उगवली, तर तेव्हा कापायचं.

वहिनी : आणि रक्ताचं काय आलं?

धाकटा : तेही चांगलं आलं. गाठ असली की तिचे बारीक कण रक्तात सापडू शकतात म्हणे. ते सापडले नाहीत.

थोरला : सापडले नाहीत. आढळत नाही. दिसत नाही. किती 'नाही' गोळा केलेस बघ, आणि एकही धड नाही.

वहिनी : परत उगवते का पण?

धाकटा : चौघांतल्या एखाद्याची उगवते. वेळेवर लक्षात आली तर तेव्हा ऑपरेशन करून बहुतेकांचं निभावतं.

थोरला : बहुतेकांचं.

धाकटा : हो दादा, बहुतेकांचं. सगळ्यांचं नाही. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही आणि मीही लपवत नाहीये. सोमवारी त्यांना सांगायचंय, काय ते. म्हणून आलोय तुझ्याकडे.

थोरला : माझ्याकडे कशाला? मी काय डॉक्टर आहे?

धाकटा : तू यातून गेलायस.

थोरला : गेलोय कुठला. आहे की अजून. रोज सकाळी आहे.

धाकटा : तेच विचारायचंय. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?

थोरला : कापलं असतं.

धाकटा : एवढ्या पटकन?

थोरला : कापून टाक, बारक्या. एकदाचं संपव. तूच सांगायचास, चीर किरणाला आडवी पडलेली असली की फिल्मवर येत नाही. जोड दिसायला आरशासारखा, आणि आत चीर. दाब चढला की बॉयलर फुटतो. सांगायचास ना? नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचास.

धाकटा : म्हणून तर एका फिल्मवर कधी भरवसा ठेवला नाही मी. शंका आली की अल्ट्रासाउंड लावायचो. एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. इथंही तसंच आहे. एमआरआय वेगळा, रक्त वेगळं, कॅमेरा वेगळा, डॉक्टरबाईंचं बोट वेगळं. चौघं एकच सांगतायत.

थोरला : चौघं मिळून 'आढळत नाही' सांगतायत. तुझी बायको काय म्हणते?

धाकटा : ती म्हणते, काढून टाका, मला झोप तरी लागेल.

थोरला : बघ. शहाणी आहे ती.

धाकटा : झोप तिला लागणार. पिशवी मला लागणार.

वहिनी : असं नका बोलू हो.

धाकटा : कसं बोलू मग, वहिनी? मी अजून शिडीवर चढतो. टाकीत वाकून शिरतो. मला विचारा ना, मला काय वाटतं ते. सगळे मला कापायला निघालेत, आणि कुठंच काही दिसत नाहीये. हा दाराशी पडलेला तुकडा बघा. मीच कापायला लावला होता हा जोड. फिल्मवर रेघ दिसली, मी 'नापास' लिहिलं, दादाचा जोड करवतीनं कापून काढला. आत काय निघालं? काही नाही. रेघ फिल्मवरच्या ओरखड्याची होती. चांगला जोड होता, उगाच कापला. तेव्हापासून मी शंभरदा बघितल्याशिवाय कापा म्हटलेलं नाही कुणाला. आणि आता माझ्याच बाबतीत...

वहिनी : भावजी.

धाकटा : काय?

वहिनी : चहा घ्या.

थोरला : नाही, बोलू दे त्याला. काय म्हणालास?

धाकटा : मी पाइपाबद्दल बोलत होतो, दादा.

थोरला : मीही पाइपाबद्दलच विचारतोय. उगाच कापला, असं म्हणालास.

धाकटा : तोंडातून निघून गेलं. तुझ्याबद्दल नव्हतं.

थोरला : माझ्याबद्दल कसं असेल? माझ्यात तर गाठ होती. सगळ्यांनी बघितली होती. तीच जागा, तीच किरणं, त्याच गोळ्या. मग सहा-आठ आठवडे थांबवलं आणि मग टेबलावर घेतलं. मध्ये कुणी एमआरआय काढला नाही, रक्त बघितलं नाही. कापायचं ठरलं होतं, कापलं. मागचा दरवाजा शिवून टाकला आणि पोटाला खिडकी पाडली. मग आठ दिवसांनी तुकड्याचा निकाल आला. आठवतंय काय होतं त्यात?

धाकटा : आठवतंय.

थोरला : तुला पाठ असेल. तुझाच शब्द होता.

धाकटा : काढलेल्या भागात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

थोरला : आणि आपण काय केलं?

वहिनी : हसलो. काय करणार दुसरं? मी तर देवाचे आभार मानले. तुम्ही पलंगावर पडल्या पडल्या सगळ्यांना फोन केलेत. अहो, तुकड्यात काही नाही, तुकड्यात काही नाही! नर्स ओरडली तुम्हाला, टाके उसवतील म्हणून.

थोरला : सहा वर्षं मी ते लोकांना सांगत फिरलो. काही उरलं नव्हतं आत, एवढी भारी औषधं लागू पडली मला! फुशारकी मारायचो. आता हा आला, कागद घेऊन, आणि म्हणतो, ज्याच्या आत काही उरलेलं दिसत नाही त्याला कापत नाहीत आता.

धाकटा : सगळ्यांना नाही, दादा. काहींनाच...

थोरला : मग सहा वर्षं मी कशाची फुशारकी मारत होतो रे?

धाकटा : तेव्हा ही पद्धतच नव्हती इथं. असलीच तर मोठ्या ठिकाणी कुठं असेल. त्यांनी त्यांच्या परीनं योग्य तेच केलं.

थोरला : हे मला डॉक्टरांनी सांगितलंय.

धाकटा : कुणी? कधी?

वहिनी : मागच्या आठवड्यात गेले होते. मला म्हणाले, पायात घालायला चपला बघून येतो. आले तेव्हा हात रिकामे. मग रात्री जेवलेच नाहीत.

थोरला : तू कशाला मध्ये बोलतेस?

वहिनी : का नको बोलू? तुम्ही बोलत नाही म्हणून बोलते. भावजी, हे जुन्या डॉक्टरांना गाठून आले. विचारलं, माझ्या वेळी थांबता आलं असतं का?

धाकटा : मग?

थोरला : ते म्हणाले, आता ते सांगता येत नाही.

धाकटा : बरोबर आहे त्यांचं. तेव्हाचा एमआरआयच नाही तर...

थोरला : हो म्हणाले असते तर मी त्यांची गचांडी धरली असती. नाही म्हणाले असते तर पाया पडून आलो असतो. सांगता येत नाही! याचं मी काय करू? पिशवीत भरू?

वहिनी : अहो, हळू.

थोरला : कशाला हळू? बारक्या, तुला ठाऊक आहे मी काय काम करतो आता? चौथ्या मजल्याइतक्या उंचीवर लटकून जोड मारणारा माणूस मी. वजन उचलायचं नाही म्हणून मला हत्यारांच्या खोलीत बसवलंय. पोरं खिडकीशी येतात, पाना मागतात, मी पाना देतो. पोटातनं आवाज आला की मी पाने खडखडवतो. पोरांना वाटतं म्हातारा चिडका आहे.

धाकटा : मला माहीत नव्हतं हे.

थोरला : कसं असेल? वास नको म्हणून तू खिडकीत बसतोस.

(वहिनी झटकन उठून रेडिओ लावते आणि आवाज वाढवते.)

धाकटा : असू द्या, वहिनी. कुठली बातमी लागलीय?

थोरला : बातम्या ऐकतोय बघा हा. मानसुद्धा कशी रेडिओकडे वळली. अगं, बंद कर. झालं बोलून त्याचं.

धाकटा : कुणाचं?

थोरला : माझ्या पोटाचं. सहा वर्षांत तुला एकदाही ऐकू आलं नाही ते. दर वेळी तुला बातम्याच ऐकायच्या असतात. आम्ही दोघंच असलो की हा रेडिओ लागत नाही. पाहुणे आले की लागतो.

धाकटा : मी पाहुणा?

थोरला : तू सांग.

धाकटा : मला वाटायचं, तुला आवडणार नाही. मी ऐकलं असं तुला कळलं तर तुला लाज वाटेल, असं वाटायचं मला.

थोरला : वाटायचीच. म्हणून तू येणं कमी केलंस, हो ना? माझी लाज राखायला.

धाकटा : दादा, जखमेवर मीठ चोळू नकोस. मी भ्यालो होतो. एकदा तुला पिशवी बदलताना बघितलं, दार अर्धं उघडं होतं. घरी जाऊन जेवण गेलं नाही मला. आणि तीन महिन्यांपूर्वी मलाच सांगितलं, तुमचीही तीच जागा आहे. नर्सनं पेन घेऊन पोटावर फुली काढली, इथं येईल पिशवी म्हणून. ती फुली मी साबण लावून घासत बसलो. दोन दिवस गेली नाही.

वहिनी : अगंबाई. हे बोलला नाहीत तुम्ही.

धाकटा : कुणाला बोलू? दादाला? तो तर तसाच जगतोय. त्याला काय सांगू, मला तुझ्यासारखं व्हायची भीती वाटते म्हणून?

थोरला : आज सांगितलंस की.

धाकटा : हो. आज सांगितलं.

थोरला : बरं झालं. आता मी सांगतो. तू विचारलंस ना, तुझ्या जागी मी काय केलं असतं. मी थांबलो असतो. धावत सुटलो असतो त्या डॉक्टरबाईंच्या खोलीतून, मागं वळून बघितलं नसतं.

धाकटा : मग मघाशी कापून टाक का म्हणालास?

थोरला : कारण तू माझ्या जागी ये, असं मला वाटतंय.

वहिनी : अहो!

थोरला : त्यानं खरं विचारलंय. तू थांबलास आणि वाचलास, धडधाकट, शिडीवर चढतोयस, टाकीत शिरतोयस, तर मी कशासाठी कापला गेलो? दर वेळी तुला बघून मला तेच आठवणार. आणि तू थांबलास आणि ती गाठ परत आली, तर मी बरोबर ठरेन. असलं येतं बघ माझ्या मनात. सख्ख्या भावाबद्दल. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय त्याच्याबद्दल. आठवडाभर झोप नाही मला.

धाकटा : म्हणून मी कापून घेऊ? तुला सोबत व्हावी म्हणून?

थोरला : हो.

धाकटा : हो?

थोरला : हो म्हणालो मी. आढळत नाही बिढळत नाही म्हणालो नाही. सरळ हो. तुला बाहेरून दिसलं नसतं, म्हणून आत उघडून दाखवलं.

वहिनी : झालं का उघडून? आता मी बोलते. माझ्या नवऱ्याची पिशवी मी सहा वर्षं बघतेय. ऑपरेशननंतर पहिले चार महिने मीच बदलत होते, यांना बघवत नव्हतं. मी यांच्या बाजूनं नाही आणि तुमच्याही बाजूनं नाही, भावजी. पण उगाच असो नाहीतर गरजेनं असो, आज हा माणूस समोर बसून भांडतोय. भांडायला जिवंत आहे. हे मला पुरतं. यांना पुरत नाही, त्याला माझा इलाज नाही.

थोरला : तुला पुरतं, कारण पोट माझं आहे.

वहिनी : आणि धुणं माझं आहे. बोलू का त्यावर?

थोरला : नको.

धाकटा : दादा, मी थांबणार आहे.

थोरला : माहीत आहे मला.

धाकटा : सोमवारी तेच सांगणार. तू हो म्हण नाहीतर शिव्या दे.

थोरला : मग विचारायला कशाला आलास?

धाकटा : तू म्हणशील, थांब. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग परत उगवलीच कधी, तर निदान एकट्याचं ठरवलेलं नसेल, असं वाटत होतं.

थोरला : वाटा घालायचा होता माझ्या गळ्यात.

धाकटा : थोडासा.

थोरला : तुझा स्वभाव काही जात नाही. नापासचा शेरासुद्धा तू कधी एकट्यानं लिहिला नाहीस. दुसऱ्या कुणाची तरी सही घ्यायचासच. फक्त या तुकड्यावर तुझी एकट्याची सही होती, आणि नेमका तोच चुकला.

धाकटा : मी तेव्हा तुझी माफी मागितली होती, दादा.

थोरला : मागितली होतीस. मी कधी नाही म्हणालो? आणि हा तुकडा मला घरी तरी आणता आला. बघता आला, हात फिरवून बघता आला. आतनं खरंच गुळगुळीत होता. दुसरा, माझ्या आतला, कुठं टाकला त्यांनी, देव जाणे.

धाकटा : निघू मी? उशीर होतोय.

थोरला : पहिला एमआरआय कधी?

धाकटा : तीन महिन्यांनी.

थोरला : कोण येणार बरोबर?

धाकटा : जाईन एकटा. त्यात काय, पडून तर राहायचंय.

थोरला : मी येणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो. मला ते दवाखान्याचं दार बघवत नाही आणि तुझा चांगला निकाल आला तर माझं तोंड कसं होईल, ते मला तुला दाखवायचं नाही.

धाकटा : बरं.

थोरला : पण फोन कर. काही असो. आढळलं तरी, नाही आढळलं तरी. आधी मला कर, मग बायकोला.

धाकटा : करीन.

वहिनी : भावजी, उठलात कशाला? चहा तसाच राहिला. गार झाला असेल, बदलून देते. आणि ती खुर्ची इकडे ओढून घ्या जरा, खिडकीतनं ऊन येतंय तुमच्या डोक्यावर.

धाकटा : ओढतो. इथं चालेल?

थोरला : जरा पुढं ये. हां. आता... थांब. अगं, हात कुठं चाललाय तुझा?

वहिनी : रेडिओ लावते हो. सुरू झालंय तुमचं परत.

थोरला : राहू दे. घरातलाच आहे तो.